परीक्षेतला पेशंट

मणियार गुरुजी आजारी आहेत ही बातमी भिंगारच्या गल्लीतून निघून सोनईला पोचली, तेव्हा गुरुजींचा सकाळचा चहासुद्धा प्यायचा राहिला होता. आणि खरं सांगायचं तर गुरुजी आजारी नव्हतेच. रोज पहाटे किल्ल्यापर्यंत पायी जाऊन येणारा माणूस तो, आजारी कशाला पडेल? पण धडधाकट माणसाला अंथरुणावरून उठू न देण्याची आपल्या लोकांची जी ताकद आहे, ती ज्याने भोगली त्यालाच ठाऊक. गुरुजींनी ती पुरेपूर भोगली. मूळ दुखणं त्यांचं नव्हतंच, त्यांच्या मुलीचं होतं, आणि तेही अंगाचं नव्हतं.

शमशेर मणियार म्हणजे जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त शिक्षक. उभी नोकरी देवळाली प्रवरा आणि आसपासच्या वस्त्यांवर मराठी नि गणित शिकवण्यात गेली. घरात दखनी, बाहेर मराठी, आणि राग आला की दोन्ही मिसळून. त्यांची मेहविश नगरच्या एका खासगी दवाखान्यात नर्स. सौदीतल्या मोठ्या इस्पितळात नोकरी करायची हे तिचं नर्सिंगला गेल्यापासूनचं स्वप्न. त्यासाठी तिकडची परवान्याची परीक्षा पास व्हावी लागते. ती पुण्यात, एका काचेच्या इमारतीत, संगणकावर होते आणि शेवटचं बटण दाबलं की निकाल तिथल्या तिथे पडद्यावर येतो. मेहविशचा आला. नापास.

पोरगी एकटीच एस.टी.ने परत आली. दारात गुरुजी उभे होते. "नाही झालं, अब्बा," एवढं म्हणून ती आत गेली आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्युटीचा युनिफॉर्म धुवायला बसली. गुरुजींना काहीतरी बोलायचं होतं. हजारो पोरांना त्यांनी आयुष्यात नापास केलं होतं आणि प्रत्येकाला काही ना काही सांगितलं होतं. पण ती सगळी दुसऱ्यांची पोरं. आपलं पोर नापास झाल्यावर काय बोलतात याचा सराव त्यांना नव्हता.

आता गुरुजींनी गप्प बसावं की नाही? सकाळी शेजारच्या भागूबाईंनी ओट्यावरूनच विचारलं, की पोरीचं काय झालं. भागूबाई म्हणजे गल्लीतलं चालतंबोलतं वर्तमानपत्र, फक्त रविवारीही सुट्टी नाही. आणि परीक्षेच्या आधी गुरुजींनी स्वतःच त्यांना सांगून ठेवलं होतं, की मेहविशसाठी ही परीक्षा म्हणजे डाव्या हातचा मळ. तो शब्द आता गळ्याशी आला. गुरुजी घसा साफ करत म्हणाले, की निकाल अजून यायचाय. सौदीचा कारभार, बऱ्याच सह्या लागतात. भागूबाईंचा लगेच विश्वास बसला. सरकारी काम सगळीकडे सारखंच असतं यावर त्यांची श्रद्धा होती.

घरात जहिराभाभींनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नीने, हे खिडकीतून ऐकलं. त्या दिवशी गुरुजींच्या ताटात पोळी जरा आपटूनच पडली. या एका थापेने घरात काय होऊन बसलं ते गुरुजींना मात्र उशिरा कळलं. निकालच लागलेला नाही म्हटल्यावर मेहविशला रडायची सोय राहिली नाही. जी बाई भेटेल ती विचारणार, काय गं, आला का निकाल. आणि हिने हसून म्हणायचं, नाही अजून. दवाखान्यात तेच, गल्लीत तेच. नापास झालेल्या पोराला निदान चार माणसं जवळ घेऊन समजावतात. हिला तेही मिळालं नाही.

पुस्तकं तिने कपाटावर टाकली. परीक्षेचं सगळं जमवून देणारा आकिब नावाचा एजंट माळीवाड्यात बसायचा. त्याने पुढची तारीख धरून ठेवली होती आणि बसणार की नाही ते कळवा म्हणून तो रोज फोन करायचा. मेहविश म्हणायची, बघू. गुरुजींनी विचारलं तरी बघू, अम्मीने विचारलं तरी बघू. 'बघू'चा अर्थ गुरुजींना चांगला माहीत होता. शाळा सोडायच्या आधी पोरं हेच म्हणतात.

शेवटी एका रविवारी गुरुजींनी शिक्षकी हिसका दाखवला. म्हणाले, चुकलेला एक प्रश्न सांग, एकच. मेहविशने बरेच आढेवेढे घेतले आणि सांगितला. ऑपरेशन झालेला पेशंट, वय पन्नास, अचानक धाप लागते. नर्स सगळ्यात आधी काय करेल? चार उत्तरं दिलेली: डोक्याकडची बाजू उंच करणे, डॉक्टरांना कळवणे, नातेवाइकांना समजावणे, आणि काहीतरी चौथं. मेहविशने नातेवाइकांवर खूण केली होती.

गुरुजींनी कपाळाला हात लावला. मेहविश मात्र उसळलीच. म्हणाली, की आमच्या वॉर्डात येऊन बघा. एका पेशंटमागे अकरा माणसं. मामा उशाशी, काका पायथ्याशी, आत्या पलंगावर. त्यांना आधी हलवल्याशिवाय पेशंटपर्यंत हात पोचत नाही. कुणी ऑक्सिजनच्या नळीवर पिशवी ठेवलेली असते, कुणी पेशंटला बटाट्याची भाजी भरवत असतं. मी आठ वर्षं हेच करतेय, आधी नातेवाईक, मग पेशंट. आणि परीक्षेतल्या पेशंटला कुणीच नसतं, अब्बा. एकटा पडून असतो.

हे ऐकून गुरुजींना त्या परीक्षेतल्या पेशंटबद्दलच वाईट वाटायला लागलं. पन्नाशीचा गृहस्थ, ऑपरेशन झालेलं, धाप लागलेली, आणि जवळ कुणी नाही? याचे भाऊ काय करतात? बायको कुठे गेली? पण हळूहळू त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. पोरीला येत नाही असं नव्हतंच. ती नगरच्या पेशंटचं उत्तर सौदीच्या पेशंटला देत होती. म्हणजे हिला अभ्यास नको, सराव हवा. आणि सरावासाठी हवा एक पेशंट, ज्याला या जगात कुणी नाही.

तो पेशंट गुरुजी झाले. बाहेरच्या खोलीतली कॉट भिंतीपासून ओढली, मच्छरदाणीची काठी उभी करून तिला सलाईनची रिकामी बाटली टांगली, आणि गुरुजी चादर ओढून पडले. मेहविशने आधी नाही म्हणून पाहिलं. पण बाप तोंड वासून धापा टाकायला लागला तेव्हा तिचा नाइलाज झाला.

पेशंट म्हणून गुरुजी अतिशय वाईट होते. हृदयविकार सांगितला की ते पोटाला हात लावायचे. बेशुद्ध पडा म्हटलं तर एक डोळा उघडून विचारायचे, की बेशुद्ध माणसाची मान डावीकडे असते की उजवीकडे. रक्तदाबाच्या पेशंटचं काम करताना त्यांनी आपण होऊन एक थोरला भाऊ, वाटणीचा वाद आणि लहानपणी विहिरीत पडल्याची हकिगत जोडली. मेहविश म्हणाली, अब्बा, प्रश्नात एवढं नसतं. गुरुजी म्हणाले, नसेना, माणसाला असतं. आणि मेहविश हसली. ओठ दाबून नव्हे, चांगली खळखळून, टेबलाला धरून हसली. स्वयंपाकघरात जहिराभाभींच्या हातातलं लाटणं थांबलं. निकालापासून त्या घरात कुणी हसलं नव्हतं. गुरुजींनी चादरीखाली डोळे पुसले आणि त्याच क्षणी ठरवलं, की आता परीक्षा होईपर्यंत आपण या कॉटवरून उठायचं नाही.

असं काही ठरवताना माणसाने जरा बेताने ठरवावं.

कारण दुसऱ्याच दिवशी सकाळी, गुरुजींचा चहा अजून गॅसवरच होता, तेव्हा भागूबाई विरजण मागायला आल्या. दार उघडंच होतं. त्यांना दिसलं ते असं: गुरुजी चादर ओढून आडवे, तोंड उघडं, वर सलाईन, आणि पोरगी मनगट धरून घड्याळाकडे बघतेय. भागूबाईंच्या हातातली वाटी खाली पडली. गुरुजी उठून सांगू शकले असते, की हा सराव आहे. पण कसला सराव? परीक्षेचा. परीक्षा तर झाली ना? मग पुन्हा कशाला? या प्रश्नांची रांग त्यांना डोळ्यांसमोर दिसली आणि त्यांनी निर्णय घेतला. ते कण्हले.

पुढचं काही गुरुजींच्या हातात राहिलं नाही. गल्ली आली, मग पलीकडची गल्ली आली. आपल्याकडे आजाऱ्याला बघायला जाणं म्हणजे लग्नाइतकंच पक्कं काम; गेलो नाही तर लोक काय म्हणतील, आणि गेलो तर हात हलवत कसं जायचं? शहाळी आली, केळी आली, बिस्किटांचे पुडे आले. प्रत्येकाबरोबर एक सल्लाही आला. मशिदीतल्या एका बुजुर्गांनी कलोंजीचं तेल सांगितलं. भागूबाईंनी बकरीचं दूध सांगितलं आणि बकरी कुणाकडे आहे तेही सांगितलं. चौकातले बन्सीशेठ किराणावाले गुरुजींच्या पोटावर हात ठेवून म्हणाले, हे पित्ताशय हाय, माझं असंच होतं, काढलं तवा सुटलो. गुरुजींना नेमकं काय झालंय हे कुणी विचारलंच नाही. प्रत्येकाने येताना आपापलं दुखणं बरोबर आणलं होतं.

दुपारी टेम्पोतून आपा उतरल्या. या गुरुजींच्या थोरल्या बहीण, राहणार सोनई, आणि सबंध खानदानात गुरुजींना 'शमशेर, गप बस' म्हणू शकणाऱ्या एकट्याच. बरोबर वळकटी होती, म्हणजे मुक्काम. आल्या आल्या त्यांनी भावाची जीभ बघितली, डोळ्याची पापणी ओढली आणि फर्मान काढलं: चहा बंद, तेलकट बंद, मटण तर नावही काढायचं नाही, तिन्ही वेळ तांदळाची पेज. गुरुजींनी आशेने बायकोकडे पाहिलं. जहिराभाभींनी मान डोलावली आणि पेजेचं पातेलं चढवलं. गुरुजींना वाटलं, तिच्या तोंडावर जरा समाधान दिसतंय. ते दिसत होतंच. थापा मारणाऱ्या माणसाला पेज पुरे असं त्यांचं मत होतं, आणि ते त्यांनी रात्री दिवा मालवताना स्पष्ट सांगितलंही.

त्या संध्याकाळी घरात बिर्याणी झाली, पाहुण्यांसाठी. गुरुजी कॉटवर पडून वास घेत होते. पित्ताशयवाले बन्सीशेठ शाकाहारी, त्यामुळे त्यांनी बिर्याणी नाही म्हटली, पण गुरुजींच्या उशाशी बसून केळी मात्र सगळी संपवली.

आता यात सरावाचं काय झालं? तोच तर सगळा घोळ. नातेवाइकांची सवय मोडण्यासाठी हा पेशंट उभा केला, म्हणजे आडवा केला, आणि आता त्याच्याभोवती तिच्या वॉर्डात नसतील इतके नातेवाईक. मेहविश ड्युटीवरून दमून यायची ती याच वॉर्डात. तरी पोरगी हुशार. तिने एक केलं. खोलीत शिरताना कुणाशी बोलायचं नाही, कुणाकडे बघायचं नाही. सरळ कॉटपाशी जायचं, गुरुजींचा श्वास बघायचा, मग नाडी, मग बाकीचं. आपा काही विचारत असल्या तरी आधी पेशंट. आपांना ते फार लागलं. सोनईला फोन करून त्यांनी सांगितलं, की पोरीला सौदीचा वारा जायच्या आधीच लागला. पण गुरुजी चादरीखालून बघत होते. तिचे हात आता आधी योग्य जागी जात होते. रात्री आपा झोपल्यावर ती हळूच कॉटच्या कडेला बसायची आणि कानात एकेक प्रश्न विचारून स्वतःच उत्तर द्यायची. कपाटावरची पुस्तकं खाली आली होती. आकिबला मात्र अजून 'बघू'च.

मधेच एक सरकारी घोटाळा झाला. तो सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण गुरुजींच्या अब्रूला सगळ्यात मोठं भोक तिथेच पडलं. महिना नोव्हेंबरचा, पेन्शनवाल्यांनी हयातीचा दाखला द्यायचा महिना. दरवर्षी गुरुजी इस्त्रीची पँट घालून, स्वतःच्या पायांनी बँकेत जाऊन आपण जिवंत असल्याचं सांगून येत. यंदा भागूबाईंनी परस्पर बँकेत जाऊन माणूस घरी बोलावला. पुण्यकर्मच ते, त्यांनी चहासुद्धा न पिता केलं. तो बँकेचा तरुण अंगठ्याचं मशीन घेऊन आला. आयुष्यभर खडूने झिजलेला गुरुजींचा अंगठा मशीनला ओळखू येईना. उजवा झाला, डावा झाला, सगळी बोटं झाली. प्रत्येक वेळी मशीन लाल दिवा लावून टुक करायचं. मशीनच्या मते गुरुजी हयात नव्हते.

आपांनी हळूच कुराणातली आयत म्हणायला सुरुवात केली. बँकेचा तरुण भला होता. म्हणाला, काळजी करू नका, मी डोळ्यांनी बघितलंय, कागदी अर्ज भरू. आणि मोठ्याने वाचत त्याने लिहिलं, की अर्जदार अंथरुणाला खिळलेले असून उठण्यास असमर्थ आहेत. मग सहीसाठी पेन पुढे केलं. गुरुजींनी उभ्या नोकरीत हजेरीपटावर एक खोटी खूण केली नव्हती. साहेब तपासणीला आले तरी गैरहजर पोराला हजर दाखवलं नव्हतं. पेन हातात घेऊन ते त्या वाक्याकडे बघत राहिले. सगळे म्हणाले, हात थरथरतोय बिचाऱ्यांचा. शेवटी गुरुजी म्हणाले, की चार दिवसांनी मी स्वतः येईन. बँकेचा तरुण गेला तेव्हा बाहेर भागूबाईंना म्हणाला, की आजोबांना अजून उमेद आहे, चांगली गोष्ट आहे. आजोबा! गुरुजींना ते पेजेपेक्षा जड गेलं.

आणि मग देवळाली प्रवराहून वाल्मिक आला.

वाल्मिक गुरुजींचा जुना विद्यार्थी. आता कारखान्याला ऊस वाहणारे त्याचे दोन ट्रॅक्टर आहेत. हंगाम चालू असताना तो सख्ख्या भावाच्या लग्नात अर्धा दिवस थांबला नव्हता, पण गुरुजी आजारी म्हटल्यावर जीप काढून आला, बरोबर जुन्या वर्गातले दोघेतिघे. खोली आधीच भरलेली होती. वाल्मिक कॉटपाशी खाली बसला, गुरुजींचे पाय दाबायला लागला आणि जमलेल्यांना सांगायला लागला. म्हणाला, की चौथीला मी नापास झालो. घरी कुणाला सांगितलं न्हाई, उसात लपून बसलो. गुरुजी सायकलवर आमच्या वस्तीवर आले. बाप खळ्यावर होता, चारचौघं बसलेली. गुरुजी सगळ्यांदेखत म्हणाले, तुझं पोरगं नापास झालंय, त्याला मारू नको, उद्यापास्नं माझ्याकडं धाड. बस, एवढंच. मी उसातनं ऐकलं. नापास झालो म्हंजे काय मेलो न्हाई, हे मला तवा कळलं.

बायकांनी डोळ्यांना पदर लावले. गुरुजी छताकडे बघत होते. आयुष्यात त्यांची इतकी स्तुती कुणी केली नव्हती आणि ऐकायला इतकं अवघडही कधी गेलं नव्हतं.

वाल्मिक उठला आणि म्हणाला, की आता गुरुजींना इथं ठेवायचं न्हाई. जीप दारात आहे, पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात न्यायचं, आत्ताच. आपा लगेच वळकटी बांधायला लागल्या. बन्सीशेठ म्हणाले, पित्ताशयाचं आधी सांगा त्यांना. आणि मग, अशा वेळी कुणीतरी म्हणतंच तसं, आपा म्हणाल्या, की बाप असा पडलेला आणि पोरीच्या डोक्यात सौदी. निकाल लागो न लागो, आता कुठं जायचं न्हाई. बापापेक्षा सौदी मोठी हाय का? दोनचार माना डोलल्या. भागूबाईंचीही डोलली.

मेहविश दारात पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने कुणाकडे पाहिलं नाही. ग्लास खाली ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "नाही जात, आपा. तसंही ते होणार नव्हतं."

तिच्या आवाजात राग असता तर गुरुजींनी सोसलं असतं. रडू असतं तरी सोसलं असतं. पण ती सुटल्यासारखी बोलली होती. बापाच्या थापेनेच तिला न बसायला एक चांगलं कारण दिलं होतं, सगळ्यांदेखत, कुणी नाव ठेवू शकणार नाही असं. गुरुजींच्या छातीत खरंच कळ आल्यासारखं झालं. त्यांनी चादर फेकली आणि ते उठून उभे राहिले. सलाईनची बाटली काठीसकट बन्सीशेठच्या अंगावर पडली.

"मला काही झालेलं नाही," गुरुजी म्हणाले. "मी ठणठणीत आहे. निकालही कधीच लागलाय. मेहविश नापास झाली. ती पुन्हा अभ्यास करतेय आणि मी तिचा सरावाचा पेशंट आहे. मला तुम्हाला सांगायची लाज वाटली. तिने काही लपवलेलं नाही, लपवलं मी."

भागूबाई एकदा कॉटकडे, एकदा गुरुजींकडे बघत होत्या. आपांनी वळकटीची दोरी तशीच हातात धरून विचारलं, की म्हणजे इतके दिवस मी पेज ढवळली ती फुकटच का? जहिराभाभींनी आतून सांगितलं, की फुकट नाही, मला बरं वाटलं. गुरुजी मान खाली घालून उभे होते. आता लोक उठतील, शहाळी परत मागतील, गल्लीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही, असं सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं.

वाल्मिकने तेवढ्यात मेहविशकडे वळून विचारलं, "ताई, पुन्हा कवा हाय परीक्षा?"

किती मार्क पडले नाही, कशात गेली नाही. फक्त कवा हाय. मेहविशने बापाकडे पाहिलं. बाप पायजमा सावरत, केस विस्कटलेले, सगळ्या गल्लीसमोर उघडा पडून उभा होता. तिला काय वाटलं ते तिचं तिला ठाऊक, पण 'बघू' मात्र ती म्हणाली नाही.

"गुरुवारी," ती म्हणाली. "पुण्याला. मी बसणार आहे."

गुरुवारी वाल्मिकच्याच जीपमधून गुरुजी आणि मेहविश पुण्याला गेले. त्याआधी दोन दिवस गल्लीत असा सन्नाटा होता, की दूधवाल्याने भागूबाईंना विचारलं कोण गेलं म्हणून. पोरीचा अभ्यास चाललाय, म्हणून भागूबाईंनी टी.व्ही. लावला नव्हता आणि इतरांनाही लावू दिला नव्हता. आपा सोनईला गेल्या नाहीत. आता राहिलेच आहे तर निकाल ऐकूनच जाते, म्हणाल्या. आणि भावाला पेज चालूच ठेवली, शिक्षा म्हणून.

परीक्षा चालू होती तेवढा वेळ गुरुजी त्या काचेच्या इमारतीसमोर फुटपाथवर उभे होते. पोरीने बाहेर यावं आणि आपण तिला काय म्हणावं, याचाच ते सराव करत होते. काही झालं तरी विचारायचं नाही, आधी चहा पाजायचा, एवढं त्यांनी ठरवलं होतं. मेहविश बाहेर आली. पायऱ्या उतरली. बापाला पाहिलं आणि तिथेच, रस्त्यात, त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडायला लागली. तिला शब्दच फुटेना.

गुरुजी समजले. त्यांनी एका हाताने तिला थोपटलं आणि दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला. या खेपेला एक क्षणही वाट बघायची नाही, हे त्यांचं पक्कं होतं. रस्त्याच्या कडेला उभं राहून, जाणारेयेणारे वळून बघतील अशा आवाजात त्यांनी भागूबाईंना कळवलं, की मेहविश नापास झाली, काही हरकत नाही, ती पुन्हा बसणार आहे, सगळ्यांना सांगा. आणि फोन ठेवला. त्यांना फार हलकं वाटलं. मेहविश त्यांची बाही ओढत होती.

"अब्बा," हुंदके आवरत ती म्हणाली, "पास झालेय मी."

येताना गुरुजींनी भागूबाईंना किती फोन केले, पण लागेल तर शपथ. भागूबाई सगळ्यांना सांगण्यात गुंतल्या होत्या. जीप गल्लीत शिरली तेव्हा सगळी गल्ली ओट्यांवर उभी होती. पोरगी खाली उतरली तशी आपा पुढे झाल्या आणि तिला छातीशी धरलं. म्हणाल्या, की नापास झालीस तर झालीस, तिसऱ्यांदा बस, मी सोनईहून येते, तुला काही काम करू देत न्हाई. भागूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि त्यांचेच डोळे वाहत होते. बन्सीशेठ म्हणाले, की त्यांचा साडू वकिलीला चार वेळा बसला होता, आता नेवाशाला मोठी प्रॅक्टिस आहे. कुणी पाणी आणलं, कुणी तिचे केस सारखे केले. जहिराभाभी दारातच उभ्या होत्या. त्यांनी लेकीचं तोंड पाहिलं, आणि आईला जे कळायचं ते कळलं, पण त्याही काही बोलल्या नाहीत.

गुरुजी घसा साफ करून पुढे सरसावले. पुन्हा एकदा सगळ्यांसमोर आपलं चुकलं म्हणायची वेळ आली होती, आणि आता त्यांना त्याचं काही वाटेनासं झालं होतं. तेवढ्यात आपांच्या खांद्यावरून मेहविशने त्यांच्याकडे पाहिलं आणि मानेनेच नाही म्हटलं. पहिल्या खेपेला नापास झाल्यावर तिला असं कुणी जवळ घेतलं नव्हतं. ते राहून गेलेलं होतं. तिने डोळे मिटले आणि डोकं पुन्हा आपांच्या खांद्यावर टेकवलं. गुरुजी गप्प बसले आणि तिचं रडून होईपर्यंत शेजारी उभे राहिले.